कोठार कुणी उघडलं?

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी जवळजवळ पावसाशिवायच येते, असं म्हटलं तर बाहेरच्या माणसाला खोटं वाटेल. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बराचसा भाद्रपद-आश्विनात. त्या ओलीवर पेरणी उरकायची आणि पुढे काढणीपर्यंत आभाळाकडे फारशी अपेक्षा ठेवायची नाही. खोल काळी माती पोटात धरलेलं पाणी हळूहळू सोडते, थंडीत दव पडतं आणि माघ-फाल्गुनात टपोरी मालदांडी हाती येते. मोहोळच्या संशोधन केंद्रात याच मालदांडीतून निवडलेलं वाण गेली कित्येक दशकं महाराष्ट्रभर पेरलं जात आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. या गावाला ज्वारीचं कोठार म्हणतात ते उगाच नाही.

मात्र पीक चांगलं येणं वेगळं आणि ते टिकवणं वेगळं. दर चार-पाच वर्षांनी एखादं साल कोरडं जाणार, हे इथल्या शेतकऱ्यानं धरूनच ठेवलेलं असायचं. म्हणून पेव. गावठाणातल्या पांढऱ्या, टणक मातीत तोंड अरुंद आणि पोट मोठं असा खड्डा खणायचा. आतून सारवून घ्यायचा, कडेनं कडबा आणि भुसकट लावायचं, ज्वारी ओतायची आणि वर दगड ठेवून चिखलानं तोंड लिंपायचं. नीट भरलेल्या पेवात ज्वारी काही वर्षंही राहते. कडेच्या दाण्यांना कुबट वास लागतो, थोडी नासाडी होते, ती गृहीतच. उघडताना मात्र घाई चालत नाही. आत कोंडलेली हवा विषारी असते. तोंड मोकळं करून वेळ जाऊ द्यायचा, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही. हा नियम न पाळल्यामुळे पेवात जीव गेलेले आहेत. धान्य साठवायला कष्ट लागत आणि ते बाहेर काढायला धाडस. मंगळवेढ्याची सगळ्यात प्रसिद्ध गोष्टही अशाच एका धाडसाची आहे.

गोष्ट दामाजीपंतांची. दख्खनमध्ये १३९६पासून बारा वर्षं चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेनं सांगितला जातो. त्यानंतर काही दशकांनी, १४६०च्या सुमारास, पुन्हा दुष्काळ पडला आणि तो दामाजीपंतांच्या नावानंच ओळखला जातो. दामाजीपंत बिदरच्या बहामनी सुलतानाचे मंगळवेढ्यातले अधिकारी. वसुलाचं धान्य त्यांच्या ताब्यातल्या कोठारांत साठवलेलं. बाहेर लोक अन्नावाचून मरू लागले तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं उघडली. हाताखालच्या माणसानं चुगली केली, बिदरहून शिपाई आले आणि दामाजींना धरून नेऊ लागले. वाटेत त्यांनी पंढरपूरला थांबून विठ्ठलाचं दर्शन घेतलं. ते बिदरला पोचायच्या आतच एक महार दरबारात हजर झाला. अंगावर घोंगडी, हातात काठी. आपण दामाजीचा विठू, असं त्यानं सांगितलं, सगळ्या धान्याची किंमत सुलतानापुढे ओतली आणि पावती मागून घेतली. पुढे ती पावती दामाजींना त्यांच्या गीतेच्या पोथीत सापडली.

ताहराबादच्या महिपतींनी १७६२मध्ये पुऱ्या केलेल्या 'भक्तविजया'तून ही कथा महाराष्ट्रभर गेली आणि कीर्तनकारांनी ती घराघरांत नेली. इतिहास म्हणून ती किती खरी, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. मला तिची रचना विलक्षण वाटते. या कथेत विठोबा पाऊस पाडत नाही. मूठभर दाण्यांची खंडीभर ज्वारी करत नाही. लोकांची पोटं तर दामाजींनीच आधी भरलेली आहेत. देव करतो ते कारकुनाचं काम: सरकारी खात्यातली तूट भरतो आणि रीतसर पावती घेतो. दुष्काळात माणसं कशानं वाचतात, हे ही कथा रचणाऱ्यांना नीट ठाऊक होतं. माणसं कोठारातल्या ज्वारीनं वाचतात, आणि कोठार उघडण्याची किंमत कुणाला तरी चुकवावी लागते. हे चमत्काराच्या कथेनं सांगावं, ही गंमतच.

ऐकणाऱ्यांनी मात्र या गोष्टीतून दोन वेगळ्या कृतज्ञता उचलल्या. एक दामाजींबद्दलची. ती ठसठशीत आहे, मंगळवेढ्यात त्यांचं मंदिर आहे आणि संतांच्या मांदियाळीत त्यांना जागा आहे. दुसरी ओझं वाहून नेणाऱ्या विठू महाराबद्दलची. तिचं काय झालं, हे पाहायला गेलं की गोष्ट अवघड होते.

मंगळवेढा हे चोखामेळ्यांचंही गाव. दामाजींच्या कितीतरी आधी, परंपरेप्रमाणे १३३८मध्ये, गावाच्या कोटाचं बांधकाम करताना भिंत कोसळली आणि वेठीला धरलेल्या इतर महारांबरोबर चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या आणि महाद्वारापाशी समाधी बांधली. महाद्वारापाशी, म्हणजे देवळाच्या बाहेर. देव महाराच्या वेषात सुलतानाच्या दरबारात गेला, हे कीर्तनात ऐकून डोळे पुसणाऱ्या समाजानं खऱ्या महाराला देवळाची पायरी चढू दिली नाही. त्यासाठी साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. विठू महाराची कथा महिपतींनी सांगून तोवर १८५ वर्षं झाली होती.

बिदरचीच आणखी एक कथा महार समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती, अमृतनाकाची. सुलतानाच्या बेगमेला त्यानं संकटातून सोडवून सुखरूप परत आणलं. काय हवं ते माग, असं सुलतान म्हणाला तेव्हा त्यानं स्वतःसाठी काहीच न मागता आपल्या जातीसाठी बावन्न हक्क मागून घेतले. काही ठिकाणी हेच हक्क विठू महाराच्या कामगिरीशी जोडले जात. अलेक्झांडर रॉबर्टसन यांनी १९३८च्या 'द महार फोक'मध्ये या परंपरेची नोंद केली आहे. कृतज्ञ राजा, निःस्वार्थ सेवक आणि पिढीजात मान असं हे देखणं चित्र आहे. पण हक्कांत होतं काय? खळ्यावरच्या धान्याचा वाटा, घरोघरची भाकरी, मेलेलं जनावर, मढ्यावरचं कापड. आणि बदल्यात गावाची राखण, सरकारी टपाल, सीमेचे वाद, पाटलाची बोलावणी, दिवसरात्र कधीही.

त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा'त (१९१५) खळ्यावर बलुतं घ्यायला जमलेली माणसं दिसतात तेव्हा हा व्यवहार गोड वाटेनासा होतो. बलुतं हा कामाचा मोबदला होता, पण मागायचा याचकासारखा. कुणबी देताना दाता व्हायचा आणि घेणारा उपकृत. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकं याच ठिकाणी बोट ठेवलं. १९२७मध्ये 'बहिष्कृत भारता'त त्यांनी महारवतनावर लेख लिहिले आणि १९२८मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचा कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडलं. त्यांच्या मते वतन हा मान नव्हता, महारांना गावाशी जखडून ठेवणारी बेडी होती. आपल्याच समाजातल्या अनेकांना ते पटवणं सोपं गेलं नाही, कारण बावन्न हक्कांची कथा आजोबांकडून ऐकलेली होती आणि ती अभिमानाची होती. ही वतनं १९५८च्या कायद्यानं गेली. दाता आणि उपकृत असं नातं एकदा पिढीजात झालं की उपकृतानं ते मोडायचं म्हटलं तरी आधी स्वतःच्याच आजोबांशी भांडावं लागतं.

म्हणून कृतज्ञतेची लोककथा ऐकताना मी आता पहिल्यांदा विचारतो, आभार कुणी कुणाचे मानायचे आहेत? या प्रश्नाला सगळ्यात मोकळं उत्तर मला याच पट्ट्यातल्या एका सणात मिळतं. लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या कर्नाटकाकडच्या भागात मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या असते, बोलीत येळवस. सण मूळचा कन्नड मुलखातला, सीमेची पर्वा न करता इकडे रुळलेला. त्या दिवशी गावं ओस पडतात, लातुरात तर स्थानिक सुट्टी असते. शेतात कडब्याची कोप उभारायची, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडायचे आणि पूजा करायची. नैवेद्याला ताकात शिजवलेलं ज्वारीचं आंबील, बाजरीचे उंडे, आणि हाताला लागतील त्या शेंगा, ओला हरभरा, तूर, पालेभाज्या एकत्र करून रटरटवलेली भज्जी. मातीच्या बिंदगीतलं आंबील उभ्या पिकावर शिंपडत रानाला फेरी मारतात. पीक तेव्हा अजून हिरवं असतं. काय पदरात पडेल ते ठाऊक नसतं. रानाला आधी जेवू घालतात आणि मग वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून पंगतीला बसवतात. ज्याचं शेत नाही तोही दोन-तीन कोपींवर जेवून घरी जातो. जेवणाऱ्यानं कुणाचे उपकार मानावेत, अशी अपेक्षा नसते. न जेवता गेला तर मात्र बोलणी खावी लागतात.

दुष्काळांची माळ पुढे चालूच राहिली. १६३०च्या महादुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, घरचा व्यापार बुडाला. वडिलांच्या वेळची कर्जखतं दोन वाटे करून आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत बुडवला, असं परंपरा सांगते. भावाच्या वाट्याला मात्र हात लावला नाही. तोट्यात गेलेल्या सावकारानं दुसऱ्यांचं देणं पुसून टाकणं, हेही एक प्रकारे कोठार उघडणंच.

१८७६-७७च्या दुष्काळात हवा बदललेली दिसते. जुन्नर-ओतूर भागात मदतीचं काम करणाऱ्या सावित्रीबाई फुल्यांनी २० एप्रिल १८७७ला जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्या दिवसांचं वर्णन आहे. सत्यशोधक समाजानं अन्नछत्रं चालवली. आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला सरकारनं दुष्काळी कामावरची मजुरी घटवून दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली तेव्हा मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामं सोडली. उपाशी माणूस मिळेल ते घेईल आणि वर हात जोडील, असा सरकारचा अंदाज होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं मजुरांची बाजू घेऊन अर्ज-विनंत्यांची राळ उठवली. मला हा प्रसंग दामाजींच्या कथेइतकाच मोलाचा वाटतो, पण त्याचं कीर्तन कुणी केलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ अजून लोकांच्या अंगावर आहे. साठी-सत्तरीच्या माणसाला नुसतं 'सुकडी' म्हणा, चेहरा बदलतो. कामावर मिळणारं ते गोडसर भरड पीठ, ओंजळीत घेऊन कोरडंच खायचं. रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी. मालदांडीच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीची सवय असलेल्या मुलखात तांबडी, जाड, गिळता न येणारी भाकरी ताटात पडली. तिकडे ही जनावरांना घालतात, हे कळल्यावर तर घास आणखी जड झाला. तरी खाल्ली. त्या पिढीच्या बोलण्यात दोन्ही सूर एकाच वाक्यात येतात: मिलोनं जगवलं, आणि पुन्हा ती बघायला नको. मला ही कृतज्ञता खरी वाटते. तिच्यात लाचारी नाही आणि आठवणीला साखरही लावलेली नाही.

१९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर एका वेळी सुमारे पन्नास लाख माणसं होती. खडी फोडायची, पाझर तलाव खणायचे, बांध घालायचे, रस्ते करायचे. बायका मोठ्या संख्येनं होत्या. पाटी, टिकाव, हजेरीपट आणि झाडाच्या सावलीला झोळीत तान्हं मूल. मजुरी थकली की मोर्चे निघत, तहसील कचेरीला घेराव पडत. आज पाणी अडवणारे कित्येक पाझर तलाव त्या हातांनी झालेले आहेत. त्यांवर उद्घाटन करणाऱ्याची पाटी सापडते. खणणाऱ्यांची सापडत नाही.

त्या कामांमागे एक जुना विचार होता. वि. स. पागे यांनी १९६५च्या सुमारास सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक छोटा प्रयोग केला होता: जो काम मागेल त्याला काम द्यायचं. दुष्काळानं त्या प्रयोगाला राज्यभर नेलं. वसंतराव नाईकांच्या सरकारनं रोजगार हमी योजना राबवली, विधिमंडळानं १९७७मध्ये तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. पुढे २००५च्या केंद्रीय कायद्यानं हाच विचार देशभर नेला. योजनेत भ्रष्टाचार होता, खोटे हजेरीपट होते, वर्षानुवर्षं रखडलेली मजुरी होती. पण कागदावर एक गोष्ट स्पष्ट लिहिली गेली. काम मागणारी बाई कुणापुढे पदर पसरत नव्हती, ती कायद्याचं कलम दाखवत होती.

कोठार भरायचं कुणी, हा प्रश्न उरलाच होता. त्यासाठी १९७५मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदारांनी द्यायचा आणि जेवढा जमेल तेवढीच भर राज्यानं स्वतःच्या तिजोरीतून घालायची. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात तो आजही दिसतो, महिन्याला दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे. बहुतेकांना तो कशासाठी सुरू झाला ते ठाऊक नसतं. एक मित्र त्यावर दर फेब्रुवारीत चिडतो. मी त्याला विसापूरची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग पावती कुठाय?"