खडकात खड्डा कुठे घ्यायचा?

मैत्रिणींनो, दगडाची खाण बंद पडली की मागं उघडाबोडका खडक उरतो. झाड लावायचं तर आधी खड्डा हवा, आणि तोच अवघड.

राजस्थानात जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी ७० हेक्टर खडकाळ जागा आहे. तिथं वेडी बाभूळ माजली होती. नुसती तोडली तर बुंध्यातून पुन्हा फुटायची. २००६ पासून तिथं काम सुरू झालं, आणि बोलावलं कुणाला? खांडवालियांना, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दगडाच्या खाणीत राबणाऱ्यांना. ते हातोडीनं खडक ठोकायचे, आवाजावरून कुठं फुटेल ते ओळखायचे आणि हातभर खोल खोदून मूळ काढायचे. बाभूळ गेली, खड्डा तयार! खडकातली भेग तिनंच शोधून ठेवलेली. त्याच खड्ड्यांत माती भरून थोर, कुमट अशी तिथलीच झाडं लावली.

आपल्या गटांतही खडी फोडलेल्या बाया आहेत. झाडं लावायच्या बैठकीला त्यांना कुणी बोलावत नाही. यंदा खड्डे कुठं घ्यायचे ते आधी त्यांनाच विचारू. मग हिवर, बोर, खैर लावू, भोवती मारवेल गवत. आणि जिथं खाण अजून चालू आहे, तिथं वरची माती बाजूला रचून ठेवायला लावा. हा विषय येत्या ग्रामसभेतच मांडा, कारण ती माती एकदा दगडांच्या ढिगाखाली गेली की परत मिळत नाही.