स्वाराती, स्वारातीम आणि मोमिनाबादची शाळा

स्वामी रामानंद तीर्थ हे नांदेडच्या विद्यापीठाचे संस्थापक होत, हा बीड जिल्ह्यातही आढळणारा समज कालक्रमाच्या पहिल्याच कसोटीवर टिकत नाही. कारण स्वामीजींचे निधन २२ जानेवारी १९७२ रोजी झाले आणि ते विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) विद्यापीठाचे विभाजन करून राज्य शासनाने १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन केले. तारीख मराठवाडा मुक्तिदिनाची आणि नाव हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नेत्याचे, त्यामुळे गौरवाचे नाव संस्थापकाचे वाटू लागले, हे नवल नव्हे.

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईत हा घोटाळा आणखी वाढतो. तेथील ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयालाही स्वामीजींचेच नाव असून बोलीत व वर्तमानपत्रांत त्याचे रुग्णालय ‘स्वाराती’, तर नांदेडचे विद्यापीठ ‘स्वारातीम’ असे लिहिले जाते. एका ‘म’चा, म्हणजे ‘मराठवाडा’चा, फरक नजरेतून सहज निसटतो आणि महाविद्यालय नांदेडला संलग्न असावे असे वाटते. वस्तुतः ते नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाला संलग्न आहे.

मात्र संस्थापकपद नाकारताना स्वामीजींचे शैक्षणिक कार्यही नाकारणे ही उलट टोकाची चूक ठरेल. स्वामीजींनी, म्हणजे व्यंकटेश खेडगीकर या शिक्षकाने, १९३२ मध्ये संन्यास घेतला तो वेदान्ती स्वामी रामतीर्थांच्या विचारप्रभावातून. पण संन्यासानंतरही शाळा सुटली नाही. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून, म्हणजे सरकारी शिक्षणव्यवस्थेबाहेर राष्ट्रीय वृत्तीच्या शिक्षणासाठी चालवलेल्या शाळेतून, ते १९३५ मध्ये मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, आले आणि तेथील योगेश्वरी नावाच्या मराठी शाळेत काम करू लागले. निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा मराठी शाळेचे मोल कळते. १९३८ मध्ये ते या राजवटीविरुद्धच्या सत्याग्रहात उतरले. पुढे १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. नांदेडशी त्यांचा शैक्षणिक संबंध शोधायचा तर तो येथे सापडतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीही असाच गोंधळ होतो. औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५८ मध्ये स्थापन झाले आणि त्यांचे नाव त्याला १४ जानेवारी १९९४ रोजी जोडले गेले. त्यांनी स्वतः औरंगाबादेत उभारले ते १९५० मधील महाविद्यालय, जे पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेले. नांदेडचे विद्यापीठ वेगळे झाल्यावरही बीड जिल्हा याच जुन्या विद्यापीठाकडे राहिला, म्हणून, वैद्यकीय पदव्या सोडल्यास, अंबाजोगाईतील पदवीधराच्या प्रमाणपत्रावर आज स्वामीजींचे नव्हे, आंबेडकरांचे नाव असते.