यंत्र नेमके कधी बंद पडते?

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला निघाले, की वाटेत सातपूरची औद्योगिक वसाहत लागते. अशा वसाहतींतल्या लहान कारखान्यांत जुनी सीएनसी यंत्रे अजूनही राबताना दिसतात. एखादे यंत्र काम करता करता थांबते आणि पडद्यावर 'सर्व्हो अलार्म' उमटतो. ड्राइव्ह जळाला असे समजून नवा मागवावा, तर खर्च मोठा. जुन्या मॉडेलचा ड्राइव्ह मिळणेही कठीण. शिवाय दोष दुसरीकडे असेल, तर नवा ड्राइव्हही तसाच थांबणार. म्हणून भाग बदलण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: यंत्र नेमके कधी बंद पडते? त्याचे उत्तर शोधायला बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र पुरते.

विजेची वाट

सीएनसी यंत्रात हत्यार किंवा टेबल सरकवणारी मोटर संगणकाच्या आज्ञेप्रमाणे फिरते. ती प्रत्यक्षात किती फिरली, हे तिला जोडलेला संवेदक सतत कळवतो. आज्ञा व स्थिती यांत फरक आढळला, की तेवढी दुरुस्ती होते. ही झाली सर्व्हो व्यवस्था. मोटरीला लागेल तेवढी वीज मोजून देणारा भाग म्हणजे ड्राइव्ह.

कारखान्यात 415 व्होल्टची तीन फेज वीज येते. बऱ्याच जुन्या यंत्रांत रोहित्र ती 200 व्होल्टच्या आसपास उतरवते. मग डायोडांचा संच एसीचे डीसीत रूपांतर करतो आणि मोठे धारित्र, म्हणजे कपॅसिटर, ती वीज साठवते. 200 व्होल्ट एसीचे शिखर 200 × 1.414, म्हणजे सुमारे 283 व्होल्ट असते. धारित्र तितके भरते.

वेग घेताना थांबते

तीन फेजमुळे एका आवर्तनात सहा शिखरे येतात. 50 हर्ट्झला आवर्तन 20 मिलिसेकंदांचे, म्हणून दर 3.3 मिलिसेकंदांनी धारित्र पुन्हा भरते. आता एका फेजचा फ्यूज उडाला किंवा कॉन्टॅक्टरचा एक संपर्क जळून काळा पडला असे समजा. उरलेल्या दोन तारांतून दोनच शिखरे मिळतील. मधले अंतर 10 मिलिसेकंद होईल. तेवढा वेळ मोटरीचा भार धारित्रानेच पेलायचा.

धारित्र 2000 मायक्रोफॅरडचे आणि प्रवाह 10 अँपिअर धरू. व्होल्टेजमधील घट म्हणजे प्रवाह गुणिले वेळ, भागिले धारकता. ढोबळ हिशेबाने ही घट तीन फेजवर 17 व्होल्टपेक्षा कमी राहते, तर एक फेज गेल्यावर 50 व्होल्टपर्यंत जाते. धारित्र जुने होऊन आतील द्रव सुकला व धारकता निम्मी झाली, तर ती 100 व्होल्टपर्यंत पोहोचते. मग ड्राइव्ह 'व्होल्टेज कमी' म्हणून थांबतो, आणि ते योग्यच असते.

गंमत अशी, की यंत्र स्वस्थ असताना मीटर लावला तर तो 283 व्होल्टच दाखवतो. भार नसेल, तर दोन शिखरेही धारित्र भरायला पुरतात. दोष दिसतो तो भार पडल्यावरच.

थांबताना थांबते

वेगात असलेली मोटर रोखली, की ती जनित्र बनते आणि तिची गतिज ऊर्जा धारित्रात परत येते. वरच्या धारित्रात 283 व्होल्टला ½CV² या सूत्राने 80 ज्यूल ऊर्जा असते. आणखी 60 ज्यूल आले, तर व्होल्टेज 374 होते. ही जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात घालवायला एक रोधक बसवलेला असतो. तो तुटला असेल, तर यंत्र वेग व्यवस्थित घेते, पण झटकन थांबवताना 'व्होल्टेज जास्त' असा अलार्म येतो.

पावसाळी सकाळी थांबते

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, त्र्यंबकेश्वर परिसरात पाऊस जोरदार. रात्रभर बंद राहिलेल्या थंड यंत्रावर दमट हवेतील बाष्प जमते. जुन्या डीसी मोटरीत ब्रशांच्या झिजेतून कार्बनची पूड साठलेली असते. ती ओलसर झाली, की प्रवाह मोटरीच्या धातूच्या कवचाकडे गळू लागतो. दुपारपर्यंत यंत्र तापून कोरडे होते आणि दोष 'आपोआप' नाहीसा होतो. अशा वेळी मोटरीचा विद्युतरोध मेगरने तपासतात. मात्र आधी मोटर ड्राइव्हपासून सोडवावी लागते; नाहीतर मेगरचे 500 व्होल्ट ड्राइव्हमधील अर्धवाहक भाग निकामी करू शकतात.

वीज बंद केली, म्हणजे धोका संपला असे नाही. धारित्राला 10 किलोओहमचा रोधक जोडलेला असेल, तर RC म्हणजे 20 सेकंद. 100 सेकंदांत व्होल्टेज 2 च्या आसपास येते. पण तोच रोधक तुटलेला असेल, तर भार आत राहतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. म्हणून वाट पाहिल्यावरही मीटरने खात्री करायची. हे काम जाणत्या तंत्रज्ञाचेच.

वर्गात करण्याजोगे

हेच तत्त्व शाळेत सुरक्षितपणे दाखवता येते. 9 व्होल्ट, 1 अँपिअरचे रोहित्र, चार डायोड, 1000 मायक्रोफॅरड व 25 व्होल्टचे धारित्र आणि 12 व्होल्ट, 5 वॅटचा दिवा घ्या. रोहित्राची 230 व्होल्टची बाजू झाकलेली असावी. चार डायोडांचा सेतू करून दिव्याविना व दिव्यासह डीसी व्होल्टेज मोजा. मग रोहित्र बंद करून एक डायोड काढा, आणि पुन्हा दोन्ही मापे घ्या. दिव्याविना फारसा फरक पडणार नाही. दिवा जोडताच मात्र व्होल्टेज आधीपेक्षा बरेच खाली जाईल. कारण विचारले, तर विद्यार्थी स्वतःच त्या काळ्या पडलेल्या संपर्कापर्यंत पोहोचतील.