मारावा, खावा, पाळू मात्र नये

मासळीवाचून ज्याचे जेवण गोड होत नाही, त्या गोमंतकीयाला मासे खाण्याचे महत्त्व सांगावयास नको. परंतु जो मासा आपल्या पाण्यात असणेच इष्ट नव्हे, तो पकडण्यास व विकण्यास कायद्याने मुभा असावी काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

केवळ परका म्हणून कोणी दोषी ठरत नाही. मिरची आणि काजू पोर्तुगीजांबरोबर आले आणि आमच्या घरचेच झाले. दोष आहे तो इथल्या जातींच्या तोंडचा घास हिरावण्यात. १९५२ साली मत्स्योत्पादन वाढावे या सद्हेतूने तिलापिया भारतात आणला गेला. त्याने देशभरची तळी व जलाशय व्यापले. उजनीच्या जलाशयात तो ‘चिलापी’ या नावाने जाळ्यात येतो, आणि लोक तो आवडीने खातात. आफ्रिकन मागूर त्याहून उग्र आहे. तो हवेतून श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरकतो आणि लहान मासे फस्त करतो. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. काही राज्यांनी विक्रीसही मनाई केली. तरीही चोरटी पैदास थांबली नाही, आणि तळ्यांतून निसटलेला मागूर नद्यांत पोहोचला. मासा काही सरकारी आदेश वाचत नाही.

मग गरीब मच्छीमाराने जाळ्यात आलेल्या मागुराचे करावे काय? विकला तर गुन्हा, पाण्यात सोडला तर नदीची हानी!

यावर आक्षेप असा की, बाजारात भाव मिळू लागला की लोभी माणसे हाच मासा नव्या पाण्यात मुद्दाम सोडतील. हा आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तरही आहे. आपल्या हिंदी महासागरातला लायनफिश अटलांटिकमध्ये शिरला, तेव्हा अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने तो मारण्यास व खाण्यास उत्तेजन दिले. आणि २०१४ साली जिवंत लायनफिशच्या आयातीवर मात्र बंदी घातली.

आमच्या मते हीच रेषा येथेही आखावी. नदी-तलावातून धरलेला उपद्रवी मासा मेलेल्या स्थितीत विकण्यास मोकळीक द्यावी; जिवंत बाळगणे, वाहून नेणे आणि पोसणे यांस कठोर शिक्षा असावी. मात्र त्या निमित्ताने बारीक आसाची जाळी टाकून देशी माशांची पिले गाळून काढण्याची सवलत कोणी घेऊ नये.

केवळ खाऊन हे संकट संपेल, अशा भ्रमात आम्ही नाही. पण प्रामाणिक मच्छीमाराला गुन्हेगार ठरवून नदी वाचत नाही, एवढे सरकारने ओळखावे.