विश्लेषण : संगणक सुरू होतो, पण वाय-फाय दिसत नाही! प्रायोगिक ऑपरेटिंग सिस्टीममधला ‘ड्रायव्हर’चा दोष कसा शोधतात?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठीची नियमित मोफत सुरक्षा अपडेट्स थांबवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या, पण अजून ठणठणीत चालणाऱ्या संगणकांचे करायचे काय, हा प्रश्न अनेकांपुढे आहे.

पिंपळनेरसारख्या गावात तो अधिक टोचतो. शाळेची कॉम्प्युटर लॅब असो की झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचे दुकान, संगणक बंद पडेपर्यंत वापरायचा हीच रीत. अशा वेळी कुणीतरी सुचवते की एखादी फुकट मिळणारी, हलकी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून बघा. सिस्टीम बसते, स्क्रीन उजळते, पण वाय-फायची खूण गायब असते, आवाज येत नाही किंवा प्रिंटर ढिम्म हलत नाही. मग ‘मशीनच गेले’ म्हणून ते भंगारात जाते. प्रत्यक्षात अनेकदा मशीन शाबूत असते आणि अडचण ड्रायव्हरची असते.

ड्रायव्हर म्हणजे नेमके काय?

मुंबईहून आलेला अधिकारी साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या पाड्यावर गेला, असे समजा. त्याला प्रमाण मराठी येते, समोरचे आजोबा मावची बोलतात. दोघेही शहाणे, पण मध्ये दुभाषा नसेल तर काम अडते. ऑपरेटिंग सिस्टीम आणि हार्डवेअर यांच्यातला हा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर.

प्रत्येक चिपमध्ये ‘रजिस्टर’ नावाचे छोटे कप्पे असतात. कोणत्या कप्प्यात कोणता आकडा, कोणत्या क्रमाने लिहिला की रेडिओ सुरू होतो, हे ड्रायव्हरला माहीत असते. चिप बनवणाऱ्या कंपन्या विंडोजसाठी हा दुभाषा सहसा स्वतः पुरवतात. प्रायोगिक सिस्टीमसाठी मात्र तो स्वयंसेवकांना लिहावा लागतो, आणि अनेकदा चिपची माहितीपुस्तिकाही हाती नसते.

‘हायकू’ हे याचे चांगले उदाहरण. नव्वदच्या दशकातल्या ‘बीओएस’ या सिस्टीमची कंपनी २००१ मध्ये पाम कंपनीने विकत घेतली. त्याच वर्षी चाहत्यांनी ती सिस्टीम नव्याने लिहायला घेतली. २००४ मध्ये तिचे नाव ‘हायकू’ झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पाचवी बीटा, म्हणजे चाचणी आवृत्ती आली. नेटवर्क कार्डांसाठी या मंडळींनी एक युक्ती केली. फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या सिस्टीमचे तयार ड्रायव्हर घेऊन ते हायकूला समजतील असा एक मधला थर बसवला.

एका ड्रायव्हरने अख्खी सिस्टीम कशी पडते?

साधे अ‍ॅप बिघडले तर तेवढेच बंद होते. मात्र अनेक ड्रायव्हर ‘कर्नल’मध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात चालतात. तिथे चूक झाली की सगळेच थांबते. १९ जुलै २०२४ रोजी जगाने हे पाहिले. क्राऊडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या कर्नलमध्ये चालणाऱ्या ड्रायव्हरला सदोष माहितीची फाइल मिळाली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. भारतात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले. मुरलेल्या सिस्टीमची ही गत, तर प्रायोगिक सिस्टीममध्ये असे प्रसंग नेहमीचेच.

‘आकाश’ टॅब्लेटने काय दाखवले?

महाराष्ट्रातला जवळचा दाखला पवईचा आहे. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ हा स्वस्त टॅब्लेट सादर झाला. सरकारला तो २,२६३ रुपयांना पडत होता. या टप्प्याची धुरा आयआयटी मुंबईकडे होती. टॅब्लेटवर अँड्रॉइड होते. पण विद्यार्थ्यांना सी, पायथन, सायलॅबसारखी साधने पूर्ण संगणकासारखी वापरता यावीत, यासाठी तिथल्या गटाने मेमरी कार्डवरून चालणारी लिनक्स आवृत्तीही तयार केली.

अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच, मग अडचण कुठे? इथे एक बारकावा आहे. घरच्या संगणकात बहुतेक भाग ‘मी अमुक कंपनीचा तमुक’ अशी स्वतःची ओळख सांगतात. स्वस्त टॅब्लेटमधले अनेक भाग ती सांगत नाहीत. टचस्क्रीन चिपच्या कोणत्या पिनला जोडली आहे, हे सिस्टीमला आधीच लिहून द्यावे लागते. त्या काळच्या ऑलविनर चिपच्या टॅब्लेटमध्ये यासाठी एक वेगळी फाइल असे. त्यातली एक नोंद चुकली तर ड्रायव्हर बरोबर असूनही बोटाला स्क्रीन दाद देत नसे. म्हणजे दोष नेहमी ड्रायव्हरच्या कोडमध्येच असतो असे नाही, तो नकाशातही असू शकतो.

दुसरा अडथळा ग्राफिक्सचा. या चिपमधल्या माली-४०० या भागाचा अधिकृत ड्रायव्हर बंदिस्त होता. त्याचा खुला पर्याय ‘लिमा’ मुख्य लिनक्समध्ये सामील झाला तो २०१९ मध्ये.

दोष शोधण्याच्या पायऱ्या

१. भाग दिसतो का? लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय’ आणि ‘एलएसयूएसबी’, तर हायकूमध्ये ‘लिस्टडेव्ह’ ही आज्ञा जोडलेल्या भागांची यादी देते. प्रत्येक भागापुढे कंपनीचा आणि मॉडेलचा क्रमांक असतो. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. १९७८ मध्ये आलेल्या तिच्या गाजलेल्या चिपचे नावही तेच. भाग यादीतच नसेल तर आधी जोडणी आणि बायोस तपासावे. यादीत असूनही चालत नसेल तर संशय ड्रायव्हरवर.

२. नोंदवही वाचा. सिस्टीम सुरू होताना प्रत्येक ड्रायव्हरने काय केले, हे ‘सिसलॉग’ फाइलमध्ये लिहिले जाते. वाय-फायच्या बाबतीत बऱ्याचदा तिथेच उत्तर सापडते : ‘फर्मवेअर फाइल मिळाली नाही’. फर्मवेअर म्हणजे चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम. परवान्याच्या अटींमुळे तो काही सिस्टीमसोबत दिलेला नसतो, वेगळा टाकावा लागतो.

३. एका वेळी एकच बदल. हायकू सुरू होताना शिफ्ट दाबून ठेवले की पर्यायांची यादी येते. साधा ग्राफिक्स ड्रायव्हर वापरणे, वीज व्यवस्थापनाशी संबंधित ‘एसीपीआय’ बंद करणे किंवा ठरावीक ड्रायव्हर वगळणे, असे पर्याय त्यात असतात. तिन्ही एकदम निवडले आणि संगणक चालला, तर गुन्हेगार कोण हे कळतच नाही.

४. मध्य गाठा. जुन्या आवृत्तीत चालणारा भाग नव्या आवृत्तीत बंद पडला असेल, तर मधल्या शेकडो बदलांपैकी एक दोषी असतो. विहिरीपासून शेतापर्यंतच्या पाइपलाइनमध्ये पाणी अडले की आपण मधला जोड उघडून पाहतो. तिथपर्यंत पाणी येत असेल तर पुढचा अर्धा भाग तपासतो. इथेही तीच पद्धत. एक हजार बदलांतला एक दोषी सुमारे दहा चाचण्यांत सापडतो.

५. सिस्टीम पडली तर फोटो घ्या. हायकूचा गाभा अडखळला की स्क्रीनवर डिबगरचा मजकूर येतो. तिथे ‘बीटी’ टाइप केले की पडण्याच्या क्षणी कोणते काम कोणत्या क्रमाने सुरू होते, ते दिसते. मशीन लगेच रीस्टार्ट केले तर हा पुरावा हातचा जाऊ शकतो.

तक्रार कशी लिहावी?

‘वाय-फाय चालत नाही’ एवढ्याने कुणालाच मदत होत नाही. लॅपटॉपचे मॉडेल, भागाचा क्रमांक, सिस्टीमची नेमकी आवृत्ती, सिसलॉग आणि दोष पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या, एवढे दिले तर परदेशातल्या विकासकालाही ते मशीन न पाहता अंदाज बांधता येतो. जगातले प्रत्येक मॉडेल विकासकाच्या टेबलावर असणे शक्य नसते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली, तेव्हा ती बहुधा आपल्याकडे असलेल्या प्रकारच्या हार्ड डिस्कवरच चालेल, असे त्यांनी सांगितले होते. पुढे ज्याच्या घरी जे मशीन होते, त्याने त्याचा दोष कळवला किंवा दुरुस्त केला आणि यादी वाढत गेली.

जुना संगणक आहे, मग काय करावे?

आधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे ठेवा. हार्ड डिस्क न पुसता पेन ड्राइव्हवरून नवी सिस्टीम चालवून पाहा आणि वाय-फाय, आवाज, प्रिंटर, स्कॅनर, झोप मोडल्यावर पुन्हा सुरू होणे, हे सगळे एकेक करून तपासा. वाय-फाय चालले नाही तर लॅन केबल लावा किंवा वेगळा यूएसबी वाय-फाय वापरून बघा. रोजच्या कामासाठी लिनक्सची स्थिर आवृत्तीच बरी; हायकूसारखी सिस्टीम शिकण्यासाठी आणि प्रयोगासाठी. दुकानात बोटांचे ठसे घेणारे यंत्र असेल, तर नव्या सिस्टीमसाठी त्याचा अधिकृत ड्रायव्हर मिळतो का, हे उत्पादकाकडून आधी विचारून घ्या. तो मिळत नसेल तर त्या कामापुरते वेगळे मशीन ठेवा आणि जुना संगणक लॅबमध्ये मुलांना प्रयोगासाठी द्या. सिसलॉग वाचायला शिकण्यासाठी त्यांना नवे मशीन लागत नाही.