बोरॉनचे रेणु आणि पाऱ्याचें विष

सोनार दागिन्याला डाग देतांना जो टाकणखार वापरतो, तो बहुतेक घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या ओळखीचा असतो. संस्कृतांत त्याला टंकण असें नांव आहे. तिबेटांतील सरोवरांच्या कांठीं सांपडणारा हा क्षार एके काळीं हिमालयाच्या खिंडींतून हिंदुस्थानांत येई आणि येथून थेट युरोपपर्यंत जाई. कॅरमच्या पटावर भुरभुरावयाची बोरिक पावडर ही त्याच कुळांतली. या दोन्ही पदार्थांत बोरॉन नांवाचें मूलद्रव्य असतें. मूलद्रव्यांच्या कोष्टकांत तें कार्बनच्या अगदीं शेजारीं बसतें. कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयोगापासून रॉकेल, मेण यांसारखे असंख्य पदार्थ होतात. मग शेजारच्या बोरॉनला तसें कां साधूं नये? हा साधा दिसणारा प्रश्न अल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं हातीं घेतला आणि त्यांतच त्यांच्या आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें खर्चीं पडलीं.

स्टॉक यांचा जन्म १८७६ सालीं डान्झिग शहरीं झाला. बर्लिन येथें एमिल फिशर यांच्या प्रयोगशाळेंत त्यांचें शिक्षण झालें आणि त्यानंतर सुमारें वर्षभर पॅरिस येथें आंरी म्वासां यांच्या हाताखालीं त्यांनीं काम केलें. १९०९ सालीं त्यांची ब्रेस्लाव येथील तंत्रविद्यालयांत नेमणूक झाली आणि तेथेंच त्यांच्या बोरॉनविषयक संशोधनाला खरा आरंभ झाला. १९१२ सालापासून त्यांचे निबंध एकामागून एक प्रसिद्ध होऊं लागले.

काम किती बिकट होतें, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. मॅग्नेशियम आणि बोरॉन यांच्या संयुगावर अम्ल टाकलें म्हणजे वायु निघतो. परंतु त्यांत जवळजवळ सगळा हायड्रोजनच असतो. बोरॉनचीं संयुगें त्यांत अत्यल्प. तीं संयुगेंहि किती हट्टी! कांहीं हवा लागतांच पेट घेतात, कांहीं पाण्याच्या ओलाव्यानें मोडतात, आणि कांचनळ्यांच्या तोट्यांना लावलेलें ग्रीज हींच खाऊन टाकतात. शिवाय तीं विषारी. अशा पदार्थांना नेहमींच्या परीक्षानळींत आणि चंबूंत हाताळणें अशक्य होतें. स्टॉक यांच्या पूर्वीं ज्यांनीं हें काम करून पाहिलें, त्यांच्या पदरीं शुद्ध पदार्थ पडलाच नव्हता.

स्टॉक यांनीं यावर जो उपाय काढला, तो रसायनशास्त्राला त्यांच्या हयातीनंतरहि पुरला. सर्व बाजूंनीं बंद अशी कांचेच्या नळ्यांची एक मालिका त्यांनीं उभी केली आणि तींतील हवा पंपानें काढून टाकली. निघालेला वायु द्रव हवेच्या साहाय्यानें गोठवावयाचा, मग हळूहळू उष्णता वाढवून त्यांतील एकेक घटक निर्वातांतच वेगळा करावयाचा, अशी त्यांची रीत होती. पदार्थाला आरंभापासून शेवटपर्यंत हवेचें वा ओलाव्याचें दर्शन घडत नसे. ग्रीज लावलेल्या तोट्या वर्ज्य असल्यामुळें नळ्या उघडण्या-मिटण्यासाठीं त्यांनीं पाऱ्याच्या झडपा योजिल्या. पंपांत पारा, दाब मोजण्याच्या नळींत पारा, झडपांत पारा; सारी प्रयोगशाळा जणूं पाऱ्यावर चालत होती.

या साधनांच्या बळावर त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं एका मागून एक संयुगें हातीं आणलीं. एकांत बोरॉनचे दोन अणु आणि हायड्रोजनचे सहा. दुसऱ्यांत चार आणि दहा. तिसऱ्यांत पांच आणि नऊ. कोठें सहा आणि दहा. आणि अखेर दहा बोरॉन व चौदा हायड्रोजन असलेले पांढरे स्फटिक. १९१६ सालीं ते बर्लिनच्या कैसर विल्हेल्म रसायनसंस्थेंत आले आणि १९२६ सालीं कार्ल्सरूह येथें गेले. १९३२ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विश्वविद्यालयांत त्यांनीं या विषयावर व्याख्यानें दिलीं आणि पुढच्याच वर्षीं तीं ग्रंथरूपानें बाहेर पडलीं.

परंतु या यशाच्या मागें एक दुःखाची कहाणी चालू होती. कित्येक वर्षें स्टॉक यांचें डोकें दुखे, घेरी येई, नाक व घसा सदा बिघडलेला असे. नाकावर उपचार झाले, पण गुण येईना. त्याहून भयंकर गोष्ट म्हणजे स्मरणशक्ति त्यांना सोडून चालली होती. टेलिफोनचा क्रमांक पुस्तकांत पाहावा आणि यंत्रापाशीं पोहोंचेपर्यंत तो विसरून जावा, अशी त्यांची स्थिति झाली. मन उदास राही आणि व्याख्यान तयार करणें हें ओझें वाटे. अखेर १९२४ सालीं सहकाऱ्यांतहि तींच लक्षणें दिसूं लागलीं, तेव्हां खरें कारण उमगलें. बर्लिनमधील विषशास्त्रज्ञ लुई लेविन यांनीं निदान केलें: पाऱ्याची वाफ.

पारा उघडा पडला असतां त्याची वाफ होते. तिला ना रंग, ना वास. वीस अंश उष्णतामानाला बंद खोलींतील हवा या वाफेनें पूर्ण भरली, तर एक घनमीटर हवेंत सुमारें १३ मिलिग्रॅम पारा राहूं शकतो. आज अनेक देशांत कामाच्या जागेसाठीं घालून दिलेली मर्यादा मिलिग्रॅमच्या दोन-अडीच शतांशांइतकीच आहे. म्हणजे फरशीच्या फटींत सांडून राहिलेले चार थेंबहि, वारा खेळता नसेल तर, वर्षानुवर्षें मनुष्याला विष पाजूं शकतात.

स्टॉक यांनीं हें दुखणें झांकून ठेविलें नाहीं. १९२६ सालीं त्यांनीं पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर निबंध लिहून आपल्या व्याधीचा सारा इतिहास उघड केला, कीं इतरांनीं सावध व्हावें. दांतांत भरावयाच्या पाऱ्याच्या मिश्रणाविरुद्धहि त्यांनीं आवाज उठविला, आणि त्यावर मोठा वाद माजला. नुसता इशारा देऊन ते थांबले नाहींत. पाऱ्याचा सूक्ष्मांत सूक्ष्म अंश मोजण्याच्या पद्धति त्यांनीं बसविल्या. वेगळा काढलेला पारा एका बिंदूंत गोळा करून सूक्ष्मदर्शकाखालीं त्याचा व्यास मोजावयाचा, ही त्यांतलीच एक. बोरॉनसाठीं कमावलेली हाताची सफाई आतां शत्रूचा माग काढण्यासाठीं उपयोगीं पडली.

त्यांच्या चरित्रांतील एक काळी बाजूहि सांगितली पाहिजे. नाझी राजवटींत ते त्या पक्षाचे सभासद झाले आणि १९३६ ते १९३८ या काळांत जर्मन रसायन परिषदेचें अध्यक्षपद त्यांच्याकडे होतें. पुढें प्रकृति ढासळत गेली. १९४३ सालीं त्यांनीं बर्लिन सोडलें, दोन वर्षांनीं महायुद्धाच्या अखेरीस सायलेशियांतील घरहि सोडावें लागलें, आणि ऑगस्ट १९४६ मध्यें एल्बे नदीकांठच्या आकेन गांवीं त्यांचा अंत झाला.

एक कोडें मात्र ते मागें ठेवून गेले. रेणूंतील दोन अणूंना जोडणाऱ्या प्रत्येक बंधाला दोन इलेक्ट्रॉन लागतात, असा रसायनशास्त्राचा रूढ हिशेब. दोन कार्बन व सहा हायड्रोजन यांच्या रेणूंत सात बंध असतात; त्यांना चौदा इलेक्ट्रॉन लागतात आणि तेवढे असतातहि. परंतु कार्बनच्या जागीं बोरॉन आला कीं इलेक्ट्रॉन बाराच भरतात. दोन कमी पडूनहि हा रेणु टिकतो कसा? १९४३ सालीं ऑक्सफर्डमधील विशींतला विद्यार्थी लाँगेट-हिगिन्स आणि त्याचे शिक्षक बेल यांनीं याचें उत्तर मांडलें. सहांपैकीं चार हायड्रोजन नेहमींच्या बंधांनीं जोडलेले असतात. त्यांत आठ इलेक्ट्रॉन खर्च होतात. उरलेले दोन हायड्रोजन दोन बोरॉनांच्या मध्यें पुलासारखे बसतात, आणि प्रत्येक पुलावरचे दोन इलेक्ट्रॉन तीन अणूंत सामाईक असतात. दोन घरांत एकच विहीर असावी, तसा हा प्रकार. हिशेब बरोबर बाराचा जमतो. पुढील कांहीं वर्षांत प्रयोगांनींहि या रचनेला दुजोरा दिला.

या सामाईकपणामुळेंच बोरॉनचे अणु सांखळी न करतां पुंज करून राहतात. दहा बोरॉनांच्या रेणूचा आकार टोपलीसारखा निघाला. अमेरिकेंतील विल्यम लिप्सकॉम्ब यांनीं असे पदार्थ अतिशीत अवस्थेंत गोठवून क्ष-किरणांनीं त्यांच्या रचना उलगडल्या आणि बंधांची उपपत्ति बसविली. १९६० सालीं हॉथॉर्न आणि पिटोचेली यांनीं बारा बोरॉनांचा, वीस त्रिकोणी बाजूंचा बंद पिंजरा तयार केला. तो इतका स्थिर, कीं स्टॉक यांच्या पेट घेणाऱ्या वायूंशीं त्याचें नातें आहे हें खरें वाटूं नये. अशाच पिंजऱ्याला गंधक जोडून केलेलें संयुग १९६८ सालापासून जपानांत मेंदूच्या अर्बुदावरील उपचारांत वापरण्यांत आलें. बोरॉनचा एक प्रकारचा अणु न्यूट्रॉन गिळतांच फुटतो, आणि त्याचे तुकडे साधारण एका पेशीपलीकडे जात नाहींत. म्हणून बोरॉन जेथें साठला असेल तीच पेशी मरते.

१९७६ सालीं लिप्सकॉम्ब यांना याच कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. स्टॉक यांच्या जन्माला त्या वर्षीं बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं. ज्या रेणूंची जुळणी जगाला त्या दिवशीं सुंदर वाटली, ते पहिल्यानें शुद्ध स्वरूपांत पाहणाऱ्या मनुष्यानें आपलें स्वास्थ्य त्यांच्यापायीं गमावलें होतें. आज प्रयोगशाळेंत किंवा घरांत तापमापक फुटून पारा सांडला, तर खिडक्या उघडून तो काळजीपूर्वक गोळा करावयास सांगतात. ही खबरदारी जगाला शिकविणाऱ्यांत स्टॉक अग्रभागीं होते.