किसान क्रेडिट कार्ड : पहिली उचल करण्यापूर्वी

नवापूर तालुक्यातील शेतकऱ्याला पैशाची निकड भासते ती मृगाच्या तोंडावर. त्याच्या हाती पैसा येतो तो मात्र भात निघाल्यावर आणि तूर मळल्यावर. मधल्या सात-आठ महिन्यांची ही उणीव सावकार भरून काढीत असे. कोठे कोठे अजूनही काढतो. शेकडा दरमहा ३ रुपये दराने घेतलेल्या ५०,००० रुपयांवर आठ महिन्यांत १२,००० रुपये व्याज चढते. तेवढीच रक्कम किसान क्रेडिट कार्डावर उचलून मुदतीत फेडली तर सुमारे १,३३३ रुपये पडतात.

ही योजना १९९८ साली सुरू झाली; योगायोगाने नंदुरबार जिल्हाही त्याच वर्षी अस्तित्वात आला. २०१२ च्या सुधारणेनुसार कर्जाची मर्यादा पिकाखालील क्षेत्र व दर एकरी ठरलेले पीककर्ज यांवरून काढली जाते. तीत काढणीनंतरचा व घरखर्च म्हणून दहा टक्के आणि अवजारांच्या देखभालीसाठी वीस टक्के मिळविले जातात. घरखर्चाचा वाटा हा असा मोजका आहे. मंजूर मर्यादा ही मिळकत समजून लग्नकार्य उरकणारा शेतकरी पेरणीच्या वेळी पुन्हा रिकाम्या हाताने उभा राहतो.

कार्डाचा खरा लाभ पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. व्याज मंजूर रकमेवर नव्हे, उचललेल्या रकमेवर, तेही उचलल्या दिवसापासून लागते. जूनमध्ये ५०,००० रुपये एकदम काढून फेब्रुवारीत भरले तर सात टक्क्यांनी २,३३३ रुपये व्याज होते. तेच जूनमध्ये बियाण्यास २०,०००, ऑगस्टमध्ये खतास १५,००० व ऑक्टोबरमध्ये काढणीस १५,००० असे काढल्यास १,८०८ रुपये होते. घरात ठेवलेली नोट तर काही ना काही निमित्ताने मोडलीच जाते.

मुदत हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होय. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जास सात टक्के दर असून वेळेवर फेडणाऱ्यास केंद्र शासन तीन टक्के सूट देते. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे राज्यात हा भार आणखी हलका होतो. मात्र मुदत चुकली की सवलत जाते. नवापूरची तूर प्रसिद्ध खरी, पण ती उशिरा हाती येते. म्हणून कर्ज घेतानाच परतफेडीची तारीख विचारून घ्यावी, भाताच्या पैशातून काही भाग आधीच भरावा व उरलेला तुरीवर ठेवावा.

हे न केल्याने मार्चअखेर 'नवे-जुने' करण्याची धावपळ होते. चार दिवसांसाठी सावकाराकडून रक्कम आणून खाते भरायचे, नवे कर्ज उचलून ती त्याला परत करायची. कागदावर खाते स्वच्छ दिसते; कर्ज तेवढेच राहते, वर सावकाराचे चार दिवसांचे देणे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही पद्धत परतफेड म्हणून मोजू नये.

२०१८-१९ पासून हे कार्ड पशुपालन व मत्स्यव्यवसायासही मिळू लागले. त्यात कुक्कुटपालन आहे. नवापुरात कोंबडीपालनाचा व्यवसाय मोठा आहे व त्यातील जोखीमही जाणती आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू येथेच आढळला आणि पक्षी मोठ्या संख्येने नष्ट करावे लागले. २०२१ मध्येही साथ आली. अशा धंद्यात पूर्ण मर्यादा उचलून खाद्यात व पिलांत गुंतविणे धोक्याचे. मर्यादेचा एक भाग न उचलता राखून ठेवणे हीच तेथील खरी शिल्लक होय.

कार्ड आदिवासी विविध कार्यकारी संस्थेमार्फत घ्यावे की राष्ट्रीयीकृत बँकेतून, हे शाखेचे अंतर व तेथील वागणूक पाहून ठरवावे. एकाच जमिनीवर दोन ठिकाणी कर्ज मागू नये. बोजा सात-बाऱ्यावर दिसतोच. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या कृषिकर्जास तारण लागत नाही. पीकविमा २०२० च्या खरिपापासून कर्जदारासही ऐच्छिक आहे. नको असल्यास तसे मुदतीपूर्वी लेखी द्यावे लागते, अन्यथा हप्ता खात्यातून वळता होतो.

कार्ड व त्याचा गुप्त क्रमांक खत-बियाण्याच्या दुकानदाराकडे ठेवण्याची चाल तर तात्काळ बंद करावी. प्रत्येक उचलीची पावती घ्यावी, आणि मार्चच्या गर्दीपूर्वी, फेब्रुवारीतच पासबुक भरून घेऊन मुद्दल किती व व्याज किती येणे आहे ते शाखेत विचारून यावे.